बूदीदिन्नी

हिरण्यकेशी वळते तिथं, उसाच्या दोन फडांमध्ये
एक राखाडी उंचवटा आहे.
कानडी बोलणारे त्याला बूदीदिन्नी म्हणतात,
मराठी बोलणारेही बूदीदिन्नीच म्हणतात,
उताऱ्यावर नुसतं ‘पड’.

मी तिथं चिठ्ठ्या लिहायला होतो.
खड्डा क, थर अमुक, तारीख, पिशवी नंबर.
खापरं धुवायला कल्लव्वा कुंभार,
डब्यात जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं,
आणि हाताबरोबर तोंडही चालू.

थर चार : राख.
थर पाच : शेण, खुरांनी तुडवून घट्ट झालेलं.
थर सहा : पुन्हा राख, इतकी तापलेली
की जागोजागी वितळून काचेसारखी गोठलेली.
सर म्हणाले, दर काही वर्षांनी हे लोक
गोठ्यातलं सगळं शेण रचून पेटवत असणार.
एवढं सोनं का जाळलं, ते मात्र सांगता येत नाही.
कल्लव्वानं ब्रश थांबवला नाही.
“कार हुणवीला आमी बैल पळवून कर तोडतोय,
ती तरी का, सांगा की.”

त्या माणसांची नावं उरली नव्हती
म्हणून तीच ठेवायची.
पाट्याचा खळगा डावीकडं झिजलेला दिसला
तशी म्हणाली, ही रेमव्वा. डावखुरी.
राळं भरडताना सासूच्या शिव्या खाल्लेली.
गुळगुळीत घासलेली दगडी कुऱ्हाड निघाली,
तिचा मालक गुंडाप्पा :
“घासत बसलाय नुस्ता. लाकडं कवा फोडला आसंल?”

मग थर सात. एका घराची जमीन, चोपलेली,
आणि जमिनीच्या पोटात
तोंडाला तोंड लावून निजलेली दोन मडकी.
आत तुरीच्या शेंगांएवढ्या बरगड्या.
एक दुधाचा दात, हिरडीबाहेर न आलेला.
खड्ड्यात कुणी बोललं नाही बराच वेळ,
पलीकडच्या फडातली मोटरच तेवढी घरघरत होती.
मी लिहिलं : दफनकुंभ, एक जोडी.

हाडं सरांनी कापसात ठेवली. मडकी तिच्याकडं आली.
पाटीवर पालथं घालून तिनं खालच्याचं बूड पाहिलं,
नखानं खरवडलं, नख हुंगलं,
चार हजार वर्षांनी काय वास येणार,
पण हुंगलं.
“कुंभ कुठला? हे शिजवायचं मडकं हाय.
काजळी बघ. बसायला सालं लागत्यात.”
आणि वरचं?
वरच्याची कड तिनं उजेडाकडं केली.
बाहेर लाल, मधे काळपट, एका जागी पापुद्रा उडालेला.
“हे नवं. वाळायच्या आधी भाजलंय.
घाई. एका रात्रीत.”

ती थांबली. पाणी बादलीत थेंब थेंब गळत राहिलं.
“मोठं मडकं एकच आसंल घरात.
मग दुसऱ्या दिशी शिजवलं कशात तिनं?”

सरांना उत्तर येत नव्हतं, ते तसं म्हणाले.
चिठ्ठीवर त्यासाठी रकाना नव्हता.
मागच्या बाजूला मी पेन्सिलीनं लिहिलं :
चूल बंद असावी. शेजारून आलं असावं.

दुसऱ्या दिवशी कल्लव्वाच्या हातात दोन गाठोडी.
एक रोजचं.
दुसरं तिनं खड्ड्याच्या काठावर ठेवलं,
पदरानं माती झटकून,
आणि काही न बोलता खापरांकडं गेली.
मीही विचारलं नाही.
सुतक असलेल्या दारात
कोण कुणाचं, हे विचारत नाहीत आमच्याकडं.

तीन वाजता तिनंच ते सोडलं.
चार भाकऱ्या, हुलग्याची उसळ, वर लसणाची चटणी.
आम्हा सगळ्यांना वाढलं, सरांनाही,
म्हणाली, खावा, निवलंय, वाया जाईल.
ऊन कलंडलं होतं. आम्ही राखेवर मांडी घालून बसलो
आणि जेवलो,
थर एक, आजची तारीख.